रिकाम्या जागेतलं ठाणे : इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांना खुलं पत्र

ठाणे शहरातल्या शाळांमध्ये इतिहास आणि भूगोल शिकवणाऱ्या सर्व शिक्षक-शिक्षिकांना,

सप्रेम नमस्कार.

‘भारतातील पहिली रेल्वे मुंबई ते ______ या मार्गावर धावली.’ हा एका गुणाचा प्रश्न मी २८ वर्षं काढला. कधी रिकामी जागा, कधी जोड्या लावा, कधी चूक की बरोबर. ठाण्यातल्या पोरांना हा म्हणजे घरचाच गुण. कधीच अभ्यास न करणाराही तो सोडत नसे. पेपर तपासताना माझी नजर त्या ओळीवर थांबायचीसुद्धा नाही, हात आपसूक बरोबरची खूण करून पुढे सरकायचा.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना सातवीच्या वर्गात एका मुलाने हात वर केला. कळव्याहून यायचा, मागच्या बाकावर बसायचा, एरवी फारसा बोलायचा नाही. म्हणाला, ‘सर, ती गाडी परत कशी गेली?’

वर्ग हसला. मीही हसलो. ‘आली तशी गेली,’ म्हटलं आणि फळ्याकडे वळलो.

संध्याकाळी घरी जाताना स्टेशनच्या पुलावर गर्दीत अडकलो होतो, तेव्हा लक्षात आलं की वर्गात त्या दिवशी विचारला गेलेला एकमेव खरा प्रश्न तोच होता आणि तो मी हसण्यावारी नेला होता. इंजिन गाडीच्या पुढे. रूळ ठाण्यात संपलेले. पुढे खाडी. मग गाडी फिरली कशी? त्याहून मोठा प्रश्न त्याच्या पोटात होता: रूळ ठाण्यातच का संपले?

हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे. मागणं एवढंच की हा धडा वर्गात संपवू नका. मुलांना एकदा, दीड-दोन तासांसाठी, ठाणे स्टेशनवर न्या. सहलीला म्हणून नको, तासाला म्हणून. आपल्या शहरातल्या कितीतरी शाळांपासून स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि आपण मुलांना विज्ञान केंद्र दाखवायला दोन बस करून मुंबईला नेतो.

आधी त्या दिवसाबद्दल. १६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुटली. आत ४०० च्या आसपास निमंत्रित, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, निघताना २१ तोफांची सलामी. ३४ किलोमीटर अंतर कापून साधारण तासाभराने गाडी ठाण्याला पोचली आणि संध्याकाळी परत गेली. धूर सोडत बैलांशिवाय पळणारं हे धूड पाहून लोकांनी त्याला ‘चाक्या म्हसोबा’ म्हटलं असं सांगतात. मला हे नाव फार आवडतं. जे कळत नाही त्याला आधी शेंदूर लावायचा, मग तिकीट काढून त्यात बसायचं, हा आपला जुना रिवाज.

इथपर्यंत आपण सगळेच सांगतो. पण दोन गोष्टी मुलं हमखास चुकतात आणि आपण त्या चुकू देतो. पहिली चित्रकलेच्या तासाला दिसते. ‘पहिली आगगाडी’ काढायला सांगा, दहातली आठ मुलं सीएसएमटीचा घुमट काढतात आणि त्याच्या शेजारून गाडी सोडतात. ती इमारत बांधायला घेतली १८७८ मध्ये आणि पुरी झाली १८८८ मध्ये. पहिली गाडी निघाली तेव्हा बोरीबंदरला होतं ते लाकडी, साधंसुधं स्टेशन. दुसरी चूक आपल्याच प्रश्नात आहे. ‘पहिली रेल्वे’ नव्हे, ‘पहिली प्रवासी रेल्वे’. त्याआधी, १८५१ च्या डिसेंबरात, रुडकीला कालव्याच्या बांधकामासाठी माती-दगड वाहणारी गाडी धावली होती. एका शब्दाचा फरक आहे, पण इतिहास शिकवणाऱ्याने तो गाळू नये. मी गाळला. पुष्कळ वर्षं.

आता तो कळव्याच्या मुलाचा प्रश्न.

मुंबई आणि साष्टी ही दोन बेटं. दोहोंच्या मधली खाडी-खाजण शीवजवळ. म्हणूनच ३१ ऑक्टोबर १८५० ला रेल्वेच्या कामाची पहिली कुदळ शीवला पडली. तिथे दलदलीत भराव घालून रूळ साष्टीवर न्यायचे होते. पुढे कुर्ला, भांडुप असं करत साष्टीच्या पूर्वेच्या टोकाला यायचं, तिथे ठाणे. पलीकडे खाडी, खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर आणि मग खरी जमीन, म्हणजे मुख्य भूमी. पूल बांधून व्हायचा होता, बोगदे खणून व्हायचे होते. म्हणून पहिला टप्पा तिथे संपला जिथे बेट संपतं. ठाणे हे कुणाचं मुक्कामाचं ठिकाण नव्हतं. पाठ्यपुस्तकाने तिथे पूर्णविराम दिला, ही रेल्वे बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कंपनीच्या लेखी तो स्वल्पविराम होता.

कंपनीला ठाण्याच्या तांदळाशी किंवा मासळीशी घेणंदेणं नव्हतं. तिला घाट चढायचा होता. मुंबई सरकारचा मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला आला असताना त्याच्या डोक्यात ही कल्पना आली असं रेल्वेच्या इतिहासात नोंदलेलं आहे, आणि तेव्हापासूनच त्या कल्पनेत कुर्ला, ठाणे, कल्याण होतं आणि त्यांच्यापुढे थळ घाट आणि बोर घाट होता. घाटावर कापूस होता. खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर घाट उतरून बंदरावर येईपर्यंत पावसात भिजायचा, धुळीत माखायचा, आणि तिकडे लँकेशरच्या गिरण्या माल मागत होत्या. १८४६ मध्ये अमेरिकेतलं कापसाचं पीक गेलं आणि ती मागणी आणखी वाढली.

त्यामुळे वर्षभरातच, १ मे १८५४ ला, गाडी खाडी ओलांडून कल्याणला गेली. १८५६ मध्ये खोपोलीला पोचली. १८५८ मध्ये पुणे ते खंडाळा रूळ झाले, पण मधला बोर घाट बाकी होता. तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला उतरायचा, डोलीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचा. १८६३ मध्ये बोर घाट झाला, १८६५ मध्ये थळ.

हे सगळं फळ्यावर नकाशा काढून सांगता येतं. पण स्टेशनवर ते एका इंडिकेटरवर लिहिलेलं आहे, आणि मुलं रोज ते वाचतात. कसाऱ्याच्या लोकलचं इंग्रजी अक्षर कोणतं? एन. कर्जतचं? एस. कल्याणला के, ठाण्याला टी, अंबरनाथला ए, हे कळतं. पण कसाऱ्याच्या नावात एन कुठे आहे? कर्जतच्या नावात एस कुठे आहे? वर्गात विचारून बघा, रोज बदलापूरहून येणारे शिक्षकही गप्प बसतात. कल्याणपुढे लाइन फुटते. एक उत्तरेकडे कसाऱ्याला, थळ घाटाच्या पायथ्याशी. दुसरी दक्षिणेकडे कर्जतला, बोर घाटाच्या पायथ्याशी. नॉर्थचा एन, साउथचा एस. क्लार्कच्या डोक्यातले दोन घाट आजही संध्याकाळी पावणेसातला ठाण्याच्या इंडिकेटरवर चमकत असतात आणि खाली हजार माणसं मान वर करून ते बघत असतात. गंमत म्हणजे कर्जतचा एस पहिल्या रकान्यात, आणि शेवटच्या रकान्यात स्लो गाडीचाही एस. नवखा माणूस त्यात हमखास फसतो. पुस्तकात दोन ओळींत गुंडाळलेला घाटांचा इतिहास त्या दोन अक्षरांवरून तासभर सांगता येईल.

नाना शंकरशेट यांचं नाव मुलांना माहीत असतं. ते आणि जमशेटजी जीजीभाई यांनी या रेल्वेसाठी खटपट केली, हेही आपण सांगतो. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मुंबई सेंट्रलला नानांचं नाव देण्याचा निर्णय घेतला तेव्हा मला आनंद झाला आणि थोडं हसूही आलं. नानांची खटपट आपल्या बाजूच्या, जीआयपीच्या, लाइनसाठी. मुंबई सेंट्रल १९३० चं, आणि तेही बीबीसीआय या दुसऱ्या रेल्वे कंपनीचं, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचं. पण असो. नाव लागलं तर मुलं निदान विचारतील.

आता स्टेशनवर काय दाखवायचं ते सांगतो. मी स्वतः नातवंडांना आणि त्यांच्या मित्रांना घेऊन हे करून पाहिलंय, म्हणून हात धरून सांगतो.

सुरुवात फलाट क्रमांक १ पासून करू नका. आधी पुलावर उभे राहा. तिथून रूळ मोजायला लावा. पश्चिमेला गावठाण, जांभळी नाक्याचा बाजार, मासुंदा तलाव. पूर्वेला कोपरी, आणि त्यापलीकडे मिठागरं-खाडी. रूळ आले आणि ठाण्याला ‘ईस्ट’ आणि ‘वेस्ट’ मिळालं. त्याआधी इथल्या माणसाला पत्ता सांगताना हे दोन शब्द लागत नव्हते. आता रिक्षावाला आधी तेच विचारतो.

मग ठाण्याहूनच सुटणारी एखादी लोकल येऊन थांबेपर्यंत फलाटाच्या टोकाला, पिवळ्या रेघेच्या पुष्कळ आत, थांबा. गाडी येते. मोटरमन आपली बॅग घेऊन उतरतो. बारा डबे सोडून दुसऱ्या टोकाला गार्ड असतो. त्याला आता रेल्वे ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणते, प्रवासी गार्डच म्हणतात. परतीच्या प्रवासात ते टोक पुढचं होतं, गार्डची केबिन मोटरमनची होते. गाडीला तोंडं दोन आहेत, म्हणून तिला फिरावं लागत नाही. वाफेच्या इंजिनाला हे जमत नव्हतं. ते गाडीपासून सोडवायचं, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला आणायचं, पुन्हा जोडायचं. त्यासाठी शेवटच्या स्टेशनात जादा रूळ लागायचा. ‘सर, ती गाडी परत कशी गेली?’ याचं उत्तर दोन मिनिटांत डोळ्यांसमोर मिळतं. मला ते मिळायला साठी उलटावी लागली.

तिथेच वर बघायला सांगा. तारेच्या खांबांवर छोट्या पट्ट्या असतात, वर एक आकडा, खाली एक. वरचा आकडा सीएसएमटीपासूनचे किलोमीटर. ठाण्यात तो ३३-३४ च्या घरात येतो. १८५३ च्या गाडीने जेवढं अंतर कापलं तेवढाच आकडा खांबावर रंगवलेला सापडतो, तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. वरच्या तारेत आता २५,००० व्होल्ट आहेत. पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली तेव्हा १,५०० होते. हा आकडा सांगा तो भीती घालण्यासाठीच सांगा. टपावर चढणारी, पुलावरून तारेकडे काही लोंबकळत सोडणारी मुलं आपल्याच वर्गातली असतात.

एक गणितही द्या. सीएसएमटी ते ठाणे मधली स्टेशनं मोजा. मशीद ते मुलुंड सतरा होतात. आजची स्लो लोकल त्या सतराही ठिकाणी थांबून ठाण्याला येते, आणि वेळ घेते तासाच्याच आसपास. १८५३ च्या पाहुण्यांच्या गाडीएवढाच. मग १७० वर्षांत काय बदललं? उत्तर मुलांकडून येऊ द्या. माझ्या नातीने पटकन सांगितलं, ‘आजोबा, तेव्हा सगळ्यांना बसायला मिळालं.’

सोयींकडे वळू. ‘स्थानकावरील सुविधा’ म्हटलं की मुलं वडापाव म्हणतात. म्हणू द्या. त्यानंतर त्यांना खाली बघायला सांगा. फलाटावर पिवळ्या, उंचवट्यांच्या लाद्या आहेत. काहींवर लांब रेघा, काहींवर गोल ठिपके. रेघ म्हणजे सरळ चाला, ठिपका म्हणजे थांबा, इथे काहीतरी बदलतं: वळण, जिना, काठ. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी जमिनीवर लिहिलेली ही लिपी आहे. एका मुलाला डोळे मिटून, दुसऱ्याचा हात धरून, काठापासून दूर दहा पावलं त्यावर चालू द्या. मग एखाद्या लादीवर कुणी पाटी टेकवून ठेवलेली किंवा आपण स्वतःच घोळक्याने उभे आहोत, हे त्याला पायांना कळेल. मी स्वतः वर्षानुवर्षं त्याच लाद्यांवर गाडीची वाट बघत उभा राहिलो. त्या कशासाठी आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

फलाटावर एका जागी ‘बीप... बीप’ असा आवाज येत राहतो. लोकांना वाटतं कुठलं तरी यंत्र बिघडलंय. तो दिव्यांगांच्या डब्याची जागा सांगतो. लेडीज डबा, फर्स्ट क्लास, लगेजचा डबा कुठे येणार याच्या खुणा वर लटकत असतात, पण ज्याला वर बघता येत नाही त्याच्यासाठी हा आवाज. मुलांना आधी आवाज शोधायला सांगा, कारण मागाहून सांगा.

फलाटाची उंची हा तर थेट नागरिकशास्त्राचा धडा आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एक विद्यार्थिनी गाडी आणि फलाट यांच्यामधल्या फटीत सापडली आणि तिने दोन्ही हात गमावले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने यात लक्ष घातलं आणि उपनगरी स्टेशनांचे फलाट उंच करण्याच्या कामाला वेग आला. स्टेशनांवर तातडीच्या वैद्यकीय खोल्या आल्या त्याही न्यायालयाच्या आदेशांमुळे. ‘न्यायमंडळाची कार्ये’ पाठ करण्यापेक्षा मुलगा त्या फलाटावर उभा राहिला, त्या खोलीच्या दारावरची पाटी त्याने वाचली, तर त्याला न्यायालय काय करतं ते कळेल.

फलाट ५ आणि ६ च्या मधून चालायला मात्र नेऊ नका, घोळक्याने तर मुळीच नको. पुलावरून दाखवा. जलद गाड्यांचा हा फलाट गर्दीला इतका अपुरा पडायचा की २०२४ च्या मे अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेऊन रूळ बाजूला सरकवला आणि फलाट दोन-तीन मीटरनी रुंद केला. अख्खा रूळ सरकवायचा, तारा सरकवायच्या, आणि बाजूला आधीच तयार केलेले काँक्रीटचे ठोकळे बसवायचे, तेही तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. दोन-तीन मीटर म्हणजे किती? वर्गाच्या फळ्याएवढी रुंदी. त्यासाठी तीन दिवस शेकडो लोकल रद्द झाल्या. ठाण्यात जागेची किंमत काय, हे मुलांना यातून चांगलं समजतं. त्यांचे आईबाबा एरवी ती चौरस फुटात बोलतात.

पलीकडच्या ९ आणि १० वर ट्रान्स हार्बर. ठाणे-वाशी लाइन २००४ मध्ये सुरू झाली. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. २०२४ च्या जानेवारीत मधे दिघा गाव हे नवं स्टेशन आलं. ही लाइन आली आणि ठाण्याची भूमिकाच बदलली. आधी ठाण्याचा माणूस सकाळी मुंबईकडे जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. आता सकाळी नऊला पुलावर उभं राहिलं तर दोन्हीकडून लोंढे येऊन एकमेकांत घुसतात: मुंबईकडे जाणारे, आणि डोंबिवली-बदलापूरहून येऊन नवी मुंबईकडे वळणारे. स्वल्पविरामाचा चौक झाला.

सीएसएमटीकडच्या टोकाला उभं राहून मुलुंडच्या दिशेने हात करा आणि सांगा की ठाणे आणि मुलुंडच्या मधे, मनोरुग्णालयाच्या जागेवर, आणखी एक स्टेशन उभारायचं ठरलं आहे. ते रुग्णालय १९०१ चं. घोडबंदर रोडचे लोक तिथे उतरले तर जुन्या स्टेशनावरचा भार कमी होईल, हा हिशोब. सातवीतलं मूल हे ऐकून विचारतं, ‘मग त्याला नाव काय देणार?’ मोठ्या माणसांचेही वाद तिथेच सुरू होतात.

दुसऱ्या टोकाला, कल्याणच्या बाजूला, बोट दाखवताना आवाज थोडा खाली आणा. खाडीचा पूल, कळवा, आणि पुढे मुंब्र्याचं वळण. १९१६ मध्ये पारसिकचा १.३ किलोमीटरचा बोगदा खणला तो मुंब्र्याचा वळसा टाळण्यासाठी. फास्ट लोकल पुष्कळ वर्षं त्या बोगद्यातून धावल्या. माझ्या पिढीला तो अंधार, कानात बसणारा दडा आणि दारातल्या पोरांची ओरड अजून आठवते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली तेव्हा बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला आणि फास्ट लोकल मुंब्र्याच्या वळणावरून जाऊ लागल्या. ९ जून २०२५ च्या सकाळी त्याच वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चार जण गेले. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, त्यातली कितीतरी रूळ ओलांडताना. हा आकडा मुलांपासून लपवू नका. त्यांनी तो शेजारच्या घरातून ऐकलेलाच असतो.

एक काम मात्र तुमच्याच टेबलावरचं. बारावीपर्यंतच्या मुलांना आणि पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते शाळा-कॉलेज असा सेकंड क्लासचा मासिक पास रेल्वे मोफत देते. त्यासाठी शाळेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. कळवा, मुंब्रा, दिव्याहून येणारी किती मुलं आपल्या वर्गात आहेत आणि त्यातल्या किती घरांना हे माहीत आहे, एवढं एकदा हजेरी घेताना विचारा. माझ्या वर्गात त्या वर्षी सहा मुलं खाडीपलीकडून यायची. चौघांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

तिकीट खिडकीही दाखवा. आमच्या वेळचं पुठ्ठ्याचं तिकीट, त्याला मशीनमध्ये घालून ‘खट्’ करून तारीख उमटवणारा कारकून, मग कूपनांची वही आणि ते खांबावरचं पंचिंगचं यंत्र, मग एटीव्हीएम, म्हणजे आपलं आपण तिकीट काढायचं यंत्र, आता मोबाइल. घरी कुणाकडे जुनं पुठ्ठ्याचं तिकीट असेल तर मागवा. त्यावर आणि आजच्या तिकिटावर ठाण्याची खूण शोधायला लावा. रेल्वेच्या लेखी आपण अजून ‘टीएनए’ आहोत. जुन्या इंग्रजी कागदांत गावाचं नाव ‘टाना’ असं लिहायचे, त्याची ती उरलेली सावली. दर पिढीने स्पेलिंग बदललं, कोड तसाच राहिला.

बाकी तयारी अगदी थोडी. स्टेशन मास्तरांना आधी पत्र देऊन परवानगी घ्या. एका वेळी पंधरापेक्षा जास्त मुलं नेऊ नका, दोन शिक्षक असू द्या. वेळ दुपारी बारा ते दोन. फलाट तिकीट दहा रुपयांचं, दोन तास चालतं, आणि दोन तास पुरतात. मुलांच्या हातात वही द्या, मोबाइल नको. आणि परत आल्यावर निबंध लिहायला लावू नका, कृपा करून. त्याऐवजी प्रत्येकाने एक प्रश्न लिहून द्यावा, उत्तर नको. माझ्या नातवंडांच्या टोळीने दिलेल्या प्रश्नांपैकी दोन माझ्याकडे ठेवले आहेत: ‘घोषणा करणाऱ्या बाईला रात्री झोप कधी मिळते?’ आणि ‘धीमी आणि जलद हे शब्द फक्त स्टेशनलाच का माहीत आहेत?’

तो कळव्याचा मुलगा आता कुठे असतो मला ठाऊक नाही. त्याला त्याच वेळी सांगायला हवं होतं की तू रोज शाळा सुटल्यावर बेट सोडून घरी जातोस, आणि ज्या पुलावरून जातोस तिथे खाडी आडवी होती म्हणून माझ्या प्रश्नपत्रिकेतली रिकामी जागा ‘ठाणे’ या शब्दाने भरते. तुमच्या वर्गात असा एखादा असेलच. बहुतेक मागच्या बाकावर.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
नौपाडा, ठाणे

ता. क. : रविवारी नेऊ नका. मेगाब्लॉक असतो.